अंग किती झाकावे, हे कोणी ठरवायचे?

खेळणाऱ्या मुलीने अंग किती झाकावे यावर आपण वाद घालतो. त्या मुलीला कोणी विचारतो का? २०२१ साली बल्गेरियात नॉर्वेच्या महिला वाळूवरील हँडबॉलच्या सामन्यात बिकिनीऐवजी आखूड विजार घालून उतरल्या. पुरुष खेळाडू विजारच घालतात, तरी या संघाला १५०० युरो दंड! उलट इराणचा कायदा स्त्रीला डोके झाकायला लावतो. आणि २०११ साली अम्मानमध्ये डोके झाकले म्हणूनच इराणी महिलांना ऑलिंपिक पात्रतेचा फुटबॉल सामना खेळू दिला नाही. उघडायला लावा वा झाकायला, सक्ती ती सक्तीच. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचा पोशाख घालून आल्या. नेहमीचा आखूड पोशाख मात्र त्यांनी कायमचा टाकला नाही. कोणत्या दिवशी काय घालायचे, ते आपले आपण ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते.