आधी येतो कोण?

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना संस्थेऐवजी घरी राहता यावं म्हणून मेडिकेडची योजना आहे. तिची प्रतीक्षायादी मुख्यतः नोंदणीच्या तारखेनुसार सरकते. नंबर लागायला अनेकदा दहाहून जास्त वर्षं जातात. सर्वांना एकच नियम, म्हणजे न्याय? पण लवकर नाव तोच घालतो, ज्याला अशी यादी असते हे माहीत असतं.

ओहायोने २०१८मध्ये तारखेऐवजी निकड बघायचं ठरवलं. हे बरं. पण निकड मोजणंही सोपं नाही. सत्तरीची आई मुलाचं सगळं निभावून नेते, म्हणून घर ठीक दिसतं. ती कोसळेपर्यंत थांबणं म्हणजे तिच्या मायेवर सरकारने पैसे वाचवणं. म्हणून ‘काय बिघडलंय?’ याआधी विचारायला हवं, ‘हे कोणाच्या जिवावर चाललंय?’ आणि जागा मोजक्याच ठेवायचं कोणी ठरवलं, हेही.