अधिकार कुणाच्या जिवावर?

नर्सिंगची पदवी हातात पडून वर्षही होत नाही, तोच प्रश्न उभा राहतो: आत्ताच नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाला जावं, की आधी काही वर्षं वॉर्डात काढावीत? पगार, नाइट ड्युट्या, लग्नाचं वय, परदेशाचा व्हिसा अशा हिशेबांतच याची उत्तरं शोधली जातात. ते हिशेब खोटे नाहीत. पण नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासून निदान करणारी, औषध लिहून देणारी परिचारिका; अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त राज्यांत तर ती डॉक्टरच्या सहीवाचून हे करू शकते. तेव्हा प्रश्न मुळात अधिकाराचा आहे, आणि कशाच्या आधी काय झालेलं असावं यावर आपल्याकडे शेकडो वर्षं कडाक्याचे वाद झाले आहेत.

ब्रह्मसूत्रातल्या पहिल्याच सूत्रावर हा वाद आहे. ब्रह्मविचाराला बसण्याआधी कर्मकांडाचा विचार पुरा झालेला हवा, असा एक पक्ष. शंकराचार्य तो मान्य करत नाहीत. विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधनं अंगी असली की पुरे, असं त्यांचं म्हणणं. संन्यासाबाबतही तोच झगडा: मनुस्मृती सांगते की आधी तिन्ही ऋणं फेडा, तर जाबालोपनिषद ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडायला मोकळीक देतं. मराठी माणसाचा कौल कुणीकडे जाईल हे सांगायला नको. परंपरेनं मानलेलं जन्मसाल १२७५ धरलं, तर १२९० साली ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव पंधरा वर्षांचे होते. वयानं अधिकार ठरतो हे आपण कधीच सोडून दिलं आहे.

घाई करणाऱ्यांच्या बाजूनं आधुनिक पुरावाही आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी घटत होती. परिचारिकांच्या सरासरी अनुभवाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. मग शिकायचंच तर लवकर का शिकू नये?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट ज्ञानाच्या जातीची. तरुण माणूस भूमितीत निष्णात होऊ शकतो, पण व्यवहारातला विवेक त्याच्यापाशी सहसा नसतो, कारण तो विवेक एकेका प्रसंगाच्या ओळखीतून येतो आणि ती ओळख व्हायला वेळ लागतो, असं ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मांडलं आहे. रुग्णशय्येपाशी हे अगदी उघडं पडतं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची दुसरी रात्र. रक्तदाब ठीक, ताप जेमतेम. पण संध्याकाळी मिनिटाला सोळा असलेले श्वास आता चोवीस आहेत, आणि माणूस उगाचच चादर चाचपतो आहे. जंतुसंसर्ग रक्तात उतरत असेल तर रक्तदाब कोसळण्याआधी कित्येकदा एवढंच दिसतं. पुस्तकात हे लिहिलेलं असतंच. तरीही घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत असं त्या क्षणी वाटणं, ही पुस्तकाबाहेरची गोष्ट आहे. तातडीच्या पथकाला बोलावण्याच्या निकषांत ‘परिचारिकेला काळजी वाटते’ हाही निकष बऱ्याच रुग्णालयांनी घातला आहे, तो उगाच नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ च्या पुस्तकात नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या सांगितल्या. त्यांतल्या तिसरीवर, म्हणजे कामात सक्षम होण्यावर, परिचारिका साधारणपणे एकाच तऱ्हेच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर पोचते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अपक्व वैराग्यानं घर सोडणाऱ्याचं नुकसान झालं तर ते बहुतेक त्याचं स्वतःचं. (घरच्यांचं काय, हा प्रश्न शास्त्रकारांनी जरा चटकन उरकला असं मला नेहमी वाटतं.) निदान चुकलं तर किंमत मोजतो तो खाटेवरचा माणूस, आणि आपण कुणाच्या शिकण्याचा विषय झालो आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. म्हणून ‘माझी तयारी आहे का’ एवढं स्वतःला विचारून इथे भागत नाही. वॉर्डातली नवी परिचारिकाही चुकते, पण तिच्या मागे सीनियर सिस्टर असते, डॉक्टरांची फेरी असते, पुढच्या पाळीचा हँडओव्हर असतो. चूक कुठेतरी पकडली जाते. एकेन यांच्या अभ्यासातल्या परिचारिका अशाच जाळ्यात काम करणाऱ्या होत्या. एकटीनं औषध लिहून देणारीला अनुभव नको, असं त्या आकड्यांतून निघत नाही.

अधिकार हा शब्द काढला की एक आक्षेप येतो, आणि तो यायलाच हवा. याच शब्दानं शूद्रांना आणि स्त्रियांना वेदांपासून दूर ठेवलं. साधनचतुष्टय सांगणाऱ्या शंकराचार्यांनीही शूद्राला वेदाधिकार नाकारलाच. लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा परिचारिकांनी आपली पायरी ओळखून राहावं असं म्हणणारे होतेच. पण जन्मावरून किंवा हुद्द्यावरून लावलेली अट कधीच पुरी करता येत नाही. दोन वर्षं वॉर्डात काढण्याची अट कुणालाही पुरी करता येते. शिवाय फोर्ड स्वतः अनेक वर्षं सार्वजनिक आरोग्याचं काम केलेल्या परिचारिका होत्या; त्यांची कल्पना त्या कामातूनच निघाली.

वॉर्डात राहिलं की माणूस पिचतो, हुकूम पाळायची सवय लागते आणि स्वतंत्र विचार मरतो, हा आक्षेप जास्त खरा आहे. दहा वर्षं तेच ते केलं म्हणजे दहा वर्षांचा अनुभव होत नाही. म्हणूनच मी वर्षं वाढवत न्यायच्या बाजूचा नाही. जिथे एकेका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड टाकला जातो आणि विचारायला कुणी नसतं, तिथे थांबून शहाणपण येणार नाही. तिथून जागा बदलावी. अभ्यासक्रम ही उणीव भरून काढेल, यावरही फार विसंबू नये. अमेरिकेत प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणाची किमान मर्यादा बराच काळ ५०० तासांची होती, २०२२ च्या मानकांत ती ७५० झाली. पूर्णवेळ ड्युटीच्या हिशेबानं हे पाच महिन्यांचंही काम नव्हे.

भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, तेव्हा प्रवेशासाठी किमान एक वर्षाच्या रुग्णसेवेची अट घातली. माझ्या मते ती थोडी कमीच आहे. दोन ते तीन वर्षं, शक्यतो एकाच तऱ्हेच्या वॉर्डात, हे योग्य. अमेरिकेतल्या काही अभ्यासक्रमांत एवढीही अट नसते. तिथे अर्ज भरणाऱ्या मराठी मुलामुलींनी ती स्वतःहून पाळावी.