वाटीला वाटी

खरे म्हणजे काय, यावर विचारवंतांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्यांच्यापैकी एकावरही कैरीचा साखरांबा करायची वेळ आली नसावी. आली असती तर हा प्रश्न त्याला वाटीपाशीच भेटला असता.

आमच्या आईच्या वहीत साखरांब्याची कृती एका ओळीची आहे : किसाला साखर वाटीला वाटी. पुतणी जर्मनीत असते. तिकडे स्वयंपाकघरात वाटी नसते, काटा असतो. तिने फोनवर विचारले, "काकू, वाटी म्हणजे किती ग्रॅम?"

"अगं, कुठलीही वाटी घे. दोन्हीला तीच घेतलीस म्हणजे झालं."

"पण मी वजनानं घेणार आहे."

"मग वजन सारखं घे!"

इथे मी तोंड घातले. निवृत्त माणसाला दुसरे काम काय?

कारण सारखे ते सारखे नसते, महाराज! २३७ मिलिलिटरच्या अमेरिकन कपात साखर मावते २०० ग्रॅम आणि आंब्याच्या फोडी १६५. स्ट्रॉबेरी तर निव्वळ बहुरूपी. आख्खी टाकली तर १४४ ग्रॅम, चकत्या केल्या तर १६६ आणि वाटून ओतली तर २३२. फळ तेच, कप तोच. मधल्यामध्ये पळाली ती हवा. म्हणजे आख्ख्या फळांनी कप भरला की त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग हवेचा. किसाची तर आणखी तऱ्हा. आई वाटी दाबून भरायची की हलक्या हाताने, हे वहीत नाही. ते तिच्या अंगठ्यात होते, आणि तो अंगठा अकरा वर्षांपूर्वी गेला.

साखर कमी पडली तर साखरांबा आंबतो, जास्त पडली तर बरणीत साखरेचे खडे होतात. पोर परदेशात दोन कैऱ्या जपून आणणार. तेव्हा मी "वजनात साखर सव्वापट" असे लिहायला घेतले.

"आईंनी लिहिलं नाही ते तुम्ही कशाला लिहिता?" सौ. म्हणाली.

प्रश्न बिनतोड होता. मृत माणसाच्या तोंडी आकडा घालणे हे खोटेच. पण आकडा न देता "अंदाजाने" म्हणणे हाही एक सभ्य खोटेपणा आहे. आपला अंदाज दुसऱ्याच्या हातात नसतो हे ठाऊक असून आपण तसे म्हणतो. मी आकडा पाठवला, पण खाली माझे नाव घालून.

बाजारात मात्र मी काट्याच्याच बाजूचा. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली या गोतावळ्याबद्दल आमच्या पिढीला उमाळे येतात. पण बुडाला पोचा आलेल्या मापट्याने किती घरांतले दाणे पळवले असतील! १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, त्याने गरीब गिऱ्हाइकावर उपकारच केले. काट्याला भरणाऱ्याचा हात चांगला असावा लागत नाही.

आणि अडचण नेमकी तिथेच. घाटात करवंदे विकणारी बाई पेला शिगोशीग भरायची, पानाच्या द्रोणात रिकामा करायची आणि वर आणखी चार टाकायची. "अहो, ती चार किमतीत धरलेलीच असतात," असे आमचे शेजारी म्हणतात. असतीलही. पण टाकताना ती हसायची, ते कशात धरले होते?

गेल्या मे महिन्यात तिच्यापुढे चपटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. पाव किलो मागितली. आकडा २५४ वर थांबला. वरची दोन करवंदे काढावीत की काय, म्हणून तिचा हात पुढे आला. मग तिने ती राहू दिली. पण हात पुढे आलेला मी पाहिला, आणि मी पाहिला हे तिनेही पाहिले.