स्वतःची चीज

पियानोच्या परीक्षेत स्वतः रचलेला तुकडा वाजवायचं भाचीने ठरवलं, तेव्हा मी तिला अडवलं होतं. ट्रिनिटीच्या परीक्षेत नेमलेल्या तुकड्यांपैकी एकाच्या जागी आपली रचना चालते, हे तिने मला अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून दाखवलं. माझं म्हणणं एवढंच होतं की परीक्षकाने गुण द्यायचे कशाला, वाजवण्याला की रचनेला? बाख सगळ्यांना सारखाच अवघड, म्हणून त्याच्यावर मुलांची तुलना होऊ शकते. माझं हे मत बदलायला बरेच दिवस लागले. पियानोवादकांच्या जुन्या लढतींबद्दल वाचत गेले, तसतसं ते सैल होत गेलं.

२४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नामध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने मोत्सार्ट आणि क्लेमेंटी यांना एकमेकांसमोर वाजवायला बसवलं. दोघांनी आयत्या वेळी सुचेल ते वाजवलं. क्लेमेंटीने आपला बी फ्लॅट मेजरमधला सोनाटाही वाजवला. त्याच्या सुरुवातीचे सूर दहा वर्षांनी मोत्सार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’च्या ओव्हर्चरमध्ये ऐकू येतात, आणि पुढे सोनाटा छापताना क्लेमेंटीने त्या दिवसाची आठवण मुद्दाम नोंदवून ठेवली. त्या काळी वाजवणारा कसा आहे हे जोखायचं तर त्याला काय सुचतं ते ऐकायचं, एवढी साधी रीत होती.

३१ मार्च १८३७ ला पॅरिसमध्ये राजकन्या बेल्जोयोसोच्या दिवाणखान्यात लिस्ट आणि थालबर्ग वाजवायला बसले, तेव्हाही हीच रीत चालू होती. थालबर्गने रोसिनीच्या ‘मोझेस’ ऑपेरावरची आपली फँटसी वाजवली, लिस्टने पाचिनीच्या ‘नायोबी’वरची. चाली दुसऱ्याच्या, पण मांडणी ज्याची त्याची. थालबर्गची मांडणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तो मूळ चाल पियानोच्या मधल्या पट्ट्यांवर ठेवायचा आणि दोन्ही हातांचे अंगठे आळीपाळीने ती धरून ठेवायचे. उरलेली बोटं खाली-वर झरझर फिरत राहायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, ह्याला तिसरा हात आहे. ही युक्ती बोटांनी शोधली की डोक्याने, हे वेगळं करता येत नाही. माझ्या ‘गुण कशाला द्यायचे’ ह्या प्रश्नाला पहिला तडा इथे गेला.

मग रचणं आणि वाजवणं यांची फाळणी झाली. अंतोन रुबिनस्टाइनने १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्पर्धा सुरू केली. ती रचनाकारांसाठीही होती आणि वादकांसाठीही, पण बक्षिसं दोन. त्या वर्षी बुसोनीने रचनेचं जिंकलं. १९०५ मध्ये ह्याच स्पर्धेत पॅरिसला बार्टोक दोन्हींत उतरला. पियानोचं बक्षीस बाकहाउसने नेलं आणि बार्टोकच्या हाती रचनेचंही लागलं नाही. १९२७ मध्ये वॉर्सात शोपाँ स्पर्धा सुरू झाली, तिथे तर सगळ्यांनी शोपाँच वाजवायचा होता. स्पर्धकांत वीस वर्षांचा शोस्ताकोविच होता. त्याची पहिली सिंफनी आदल्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये वाजली होती. पहिला आला लेव ओबोरिन, शोस्ताकोविचला सन्मानपत्र मिळालं. तक्रार करावी असं त्यात काही नाही, स्पर्धा शोपाँची होती. पण तेव्हापासून स्पर्धा म्हणजे दुसऱ्याचं वाजवणं हे समीकरण घट्ट होत गेलं.

खुद्द शोपाँ मात्र आपल्या रचनांना असा अंतिम मानत नव्हता. शिकवता शिकवता तो शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने निराळ्या सुरावटी लिहून द्यायचा. ऑपस ९ मधल्या दुसऱ्या नॉक्टर्नच्या अशा कितीतरी जागा उपलब्ध आहेत.

नवं संगीत स्पर्धेतून हद्दपार झालं असंही नाही. टेक्सासच्या क्लायबर्न स्पर्धेत २०१७ मध्ये सगळ्यांना आमलँची तोकाता वाजवावी लागली, २०२२ मध्ये स्टीफन हफची. दोघेही त्या त्या वर्षी परीक्षक होते. म्हणजे रचणारे वादक आजही आहेत, फक्त ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतात. ह्याची मला खंत वाटते. अठरा वर्षांच्या मुलामुलींना निदान एक जागा तरी मोकळी सोडावी. ती जागा आयती आहेही. मोत्सार्टने डी मायनर कन्चेर्टोसाठी स्वतःची कादेंझा, म्हणजे वाद्यवृंद थांबल्यावर वादकाने एकट्याने वाजवायचा भाग, लिहून ठेवलेली नाही. तिथे बहुतेक जण बेथोव्हनने लिहिलेली वाजवतात. तिथे स्वतःची वाजवणाऱ्याने मोत्सार्टला किती ओळखलंय, हे दोन मिनिटांत कळतं.

आपल्याकडे ख्यालाच्या मैफलीत हे सांगावंच लागत नाही. बंदिश गुरूची असली तरी बढत आपली लागते. तरीही नाट्यसंगीताच्या स्पर्धेत आपण मुलांकडून बालगंधर्वांची एकेक हरकत घोटून घेतो आणि ती जशीच्या तशी आली की खूश होतो. मीही झाले आहे.

भाचीकडे परत येते. तिच्या वहीत तिसऱ्या ओळीवर डाव्या हाताला एक कॉर्ड होता. सगळ्यात खालच्या सुरापासून सगळ्यात वरच्यापर्यंत पंजा पोचतच नव्हता. चार दिवस ती बोटं ताणत राहिली, मग खोडरबर घेऊन वरचा सूर उजव्या हाताला दिला. त्यामुळे उजव्या हाताची चाल अडायला लागली, म्हणून चालही थोडी बदलली. त्यानंतर आठवडाभराने ती शूमानचा नेमलेला तुकडा वाजवत होती आणि मधेच थांबून म्हणाली, “मावशी, ह्यानेपण इथे सूर ह्या हातातून त्या हातात दिलाय बघ.” तो तुकडा ती सहा महिने वाजवत होती. तिला अडवणं मी त्या दिवशी सोडलं.

परीक्षेला स्वतःच्या रचनेची एक प्रत परीक्षकाला द्यावी लागते. आम्ही ती आदल्या दिवशी झेरॉक्स करून आणली होती. दार लोटलेलं होतं, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. तिसऱ्या ओळीवर ती लिहिलेल्यापेक्षा वेगळं वाजवून गेली. बाहेर आल्यावर मी विचारलं, चुकलीस ना तिथे?

“कागदावर चुकलंय,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर सुधारते.”