प्रश्न मुंबईला गेला, उत्तर कुठे गेले?

विधानसभेत तारांकित प्रश्न विचारण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी घडलेली गोष्ट मांडायची आणि पुढे विचारायचे, 'हे खरे आहे काय?' मग, 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?' आणि शेवटी, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरांचीही रीत तितकीच पक्की: 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'हे अंशतः खरे आहे' आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही'. सभागृहातली खडाजंगी टीव्हीवर दिसते. पण राज्यकारभाराचा खरा स्वभाव पाहायचा तर छापील प्रश्नोत्तरांची यादी वाचावी. तिथे आवाज चढत नाही, आणि सुटकाही सहजासहजी होत नाही. निदान होऊ नये, अशी अपेक्षा असते.

ही यादी मंत्री लिहीत नाहीत. समजा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील कुपोषित बालकांविषयी प्रश्न लागला आहे. विधानमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयात संबंधित विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो. तिथून आयुक्तालय, जिल्हा परिषद, तालुक्याचे बालविकास प्रकल्प कार्यालय, पर्यवेक्षिका. सरकारी कचेऱ्यांत अशा प्रश्नाचे नाव 'एलएक्यू'. एलएक्यू आला की बाकीची कामे बाजूला पडतात. 'आज सायंकाळपर्यंत माहिती पाठवा', असा निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर येतो आणि उतरत उतरत एका अंगणवाडी सेविकेपाशी थांबतो. तिच्यासमोर वजनकाटा, नोंदवही आणि मुले. तीव्र कुपोषित किती, हा आकडा ती देणार. पण आकडा मोठा निघाला, तर पहिला जाब तिलाच. अशा वेळी वजनकाटा थोडा सौम्य होणे अगदी मानवी आहे. मग तोच आकडा एकेक पायरी चढत मुंबईला किंवा नागपूरला पोचतो आणि मंत्री सभागृहात म्हणतात, 'हे अंशतः खरे आहे.' म्हणजे ज्याच्या कामाबद्दल विचारणा झाली, त्याच्याच वहीतून उत्तर आले.

ही केवळ शंका नाही. शेजारच्या गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल मांडला. शासकीय नोंदींत दिसणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा प्रत्यक्षातले मृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे त्याने गावोगावच्या मोजणीतून दाखवून दिले. गदारोळ झाला आणि शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्याआधीही सभागृहात उत्तरे दिली जातच होती. ती नोंदवहीशी प्रामाणिक होती. नोंदवही मुलांशी प्रामाणिक नव्हती. आमदाराचा प्रश्न कितीही धारदार असला, तरी गावात कोणी स्वतंत्रपणे मोजलेले नसेल, तर तो वहीच्या पुठ्ठ्यावर आपटून परत येतो.

विचारण्याचा हा हक्क आपल्याला सुखासुखी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांतल्या सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तर पटले नाही तरी गप्प बसावे लागे. उपप्रश्नाची मुभा १९०९ नंतरची. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळाला विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार धरले आणि प्रश्न हा कृपेचा नव्हे, हक्काचा भाग झाला. त्या हक्काचा बाजारही मांडला गेला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. पण विकत घेतलेल्या प्रश्नापेक्षा मला अधिक काळजी वाटते ती फुकट गेलेल्या प्रश्नाची.

चंद्रपूरच्या दारूबंदीचा इतिहास त्यासाठी पाहावा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती. चंद्रपुरात दुकाने उघडी. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेच्या पुढाकाराने हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर पायी चालून गेल्या. सभागृहात बसण्याची सोय नसलेल्यांनी रस्त्यावर विचारलेला तो तारांकित प्रश्नच होता. पुढे समिती नेमली गेली, तिने बंदीची शिफारस केली, सरकार बदलले आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. बंदीचा आग्रह धरणारे सुधीर मुनगंटीवार तेव्हा मंत्री होते. २०१९ च्या अखेरीस पुन्हा सत्ता बदलली. ब्रह्मपुरीचे आमदार विजय वडेट्टीवार मंत्री आणि चंद्रपूरचे पालकमंत्री झाले. सिंदेवाही तालुका त्यांच्याच मतदारसंघातला. बंदी फसली, अवैध दारू आणि गुन्हे वाढले, हे त्यांचे म्हणणे. बंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली.

एकाच जिल्ह्यातले हे दोन नेते प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बसून आले आहेत. वडेट्टीवार मंत्री होण्याआधी काही महिने विरोधी पक्षनेते होते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा झाले. मुनगंटीवार मंत्रिपद नसताना सभागृहात मंत्र्यांना कसे पेचात पकडतात, हे सर्वांनी पाहिले आहे. यात मला ढोंग दिसत नाही. लोकशाहीत बाके बदलायचीच. अडचण वेगळी आहे. बाक बदलले की उत्तर बदलते, पण मधल्या काळात गावात काय घडले, याचा सलग हिशेब कोणाकडेच राहत नाही. बंदीच्या सहा वर्षांत मजुरीतले किती पैसे घरात आले, किती बायांचा मार वाचला, किती पोरे दारूच्या पेट्या वाहायला लागली? दोन्ही बाजूंनी आपापले आकडे पुढे केले. सिंदेवाहीच्या एखाद्या गावाने मात्र आपला आकडा स्वतः काढून वहीत लिहून ठेवला असता, तर दोघांनाही त्यापुढे थांबावे लागले असते.

दारूचा प्रश्न निदान गाजला. वाघाचा प्रश्न दर अधिवेशनात येतो आणि ठरावीक वळणाने जातो. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन बाया तेंदूपाने तोडायला जंगलात गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूचा हंगाम मे महिन्यातला, जेमतेम काही दिवसांचा. पहाटेच जावे लागते, कारण उन्हे तापायच्या आत पाने तोडून, घरी आणून, पुडे बांधायचे असतात. धानाचा हंगाम अजून दूर आणि हातात दुसरे काम नाही. म्हणून धोका माहीत असूनही पावले जंगलाकडेच वळतात. सभागृहात यावर उत्तर येते ते मदतीचे. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये, त्यातले काही लगेच, बाकी मुदत ठेवीत. ती रक्कम द्यायलाच हवी. पण मेल्यानंतर काय, याचे उत्तर नेमके आणि जिवंतपणी काय, याचे मोघम, हा आपल्या सामाजिक धोरणाचा जुना आजार आहे. मे महिन्यात रोजगार हमीचे काम गावात निघाले होते का? गाळाने भरलेल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचे खोलीकरण त्याच महिन्यात का धरले नाही? हे खरे तर वनमंत्र्यांचे प्रश्नच नव्हेत. रोजगार हमी आणि जलसंधारणाच्या मंत्र्यांचे आहेत. खात्यांच्या भिंती वाघ ओलांडतो, प्रश्न ओलांडत नाही.

मेंढा नावाचे दुसरे गाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे, मेंढा (लेखा). तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगटाची रीत रुजवली. आधी विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे, हे गावाला पाठ होते. गाव हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना परवान्याचे पुस्तक घेऊन गावात यावे लागले. एरवी गावाचा प्रश्न मंत्र्यांकडे जातो. इथे मंत्री उत्तर घेऊन गावाकडे आले. त्यामागे आरडाओरडा नव्हता, वाचलेला कायदा होता.

दोन्ही मेंढ्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. एकीकडे हक्काचे जंगल आणि चळवळीचा दीर्घ वारसा, दुसरीकडे वाघांनी गजबजलेला ब्रह्मपुरी वनविभाग. पण एक गोष्ट सिंदेवाहीतल्या कोणत्याही गावाला उद्यापासून करता येईल, आणि तीच मला सुचवायची आहे. तालुक्याविषयी सभागृहात विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे छापील उत्तर त्या त्या ग्रामपंचायतीकडे आले पाहिजे आणि पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्याच आहेत. 'हे खरे नाही' असे मंत्र्यांनी म्हटले असेल, तर ते खरे आहे की नाही, हे ठरवणारी माणसे तिथेच सतरंजीवर बसलेली असतात. त्यांनी दुरुस्ती सुचवावी, ठरावाने आमदाराला कळवावी, आणि आमदाराने तो ठराव हातात घेऊन उपप्रश्न विचारावा. मंत्र्यांनी शब्द दिला असेल, तर त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तिच्याकडे बोट दाखवणारा कोणीतरी गावात हवा.

याला नवा कायदा लागत नाही. मंत्रालयातून तालुक्यापर्यंत माहिती मागवणारा निरोप एका दिवसात पोचतो, मग त्याच वाटेने उत्तर परत का पाठवता येऊ नये? आक्षेप येईल की असे केल्याने ग्रामसभांत राजकारण शिरेल. ते आधीच शिरलेले आहे. माहिती तेवढी शिरलेली नाही. आणि अंगणवाडी सेविकेचे काय? आपण दिलेला आकडा गावासमोर वाचला जाणार हे तिला कळले, तर खरा आकडा लिहिण्याचे बळ तिला वरिष्ठांच्या सूचनांपेक्षा त्या सभेतून अधिक मिळेल, कारण त्या मुलांच्या आया समोर बसलेल्या असतील. आमदार किती प्रश्न विचारतो, यावरून त्याचे प्रगतिपुस्तक काढण्याची पद्धत आता शहरांत रूढ झाली आहे. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीने वेगळे मोजमाप लावावे: त्याने विचारलेल्या प्रश्नांची किती उत्तरे गावात तपासली गेली आणि त्यातली किती खोटी ठरल्यावर तो पुन्हा उभा राहिला.