असमर्थाचा वाटा

हुतूतूत गडी बाद झाला की तो ‘मेला’ म्हणतात. पण मेला म्हणजे नेमके काय, याची उत्तरे खेळाच्या तीन जुन्या प्रकारांत तीन आहेत. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होऊन मैदानात परततो. गामिनीत मेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात फक्त गुण मोजला जातो, गडी खेळतच राहतो. तेव्हा मेलेला गडी कशापुरता मेला आणि कधीपर्यंत, हे नियमाने सांगावे लागते. नियम तिथे गप्प असेल, तर अर्थ लावणाऱ्यावर जबाबदारी येते.

धर्मशास्त्रात ही जबाबदारी फार मोठी होती, कारण तिथे प्रश्न माणसाच्या हक्काचा होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागात, म्हणजे वारशाच्या वाटणीच्या भागात, पतित, पांगळा, वेडा, आंधळा, असाध्य रोगाने ग्रासलेला अशांना वाटा नाकारला आहे आणि त्यांचे पालनपोषण मात्र बंधनकारक केले आहे. असमर्थता वाटणीनंतर आली तर काय, किंवा आलेली असमर्थता पुढे गेली तर काय, हे मूळ श्लोकात नाही.

कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (इ.स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि हे दोन्ही प्रश्न सोडवले. त्याच्या मते दोष वाटणीच्या आधी आलेला असेल तरच वाटा जातो. एकदा विभक्त झालेल्याचा हिस्सा नंतरच्या दोषामुळे काढून घेता येत नाही. वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला, तर त्याला वाटा मिळतो. यासाठी त्याने वाटणीनंतर जन्मलेल्या मुलाचा दाखला घेतला: उशिरा आलेल्यालाही हिस्सा असतो. अशा माणसाचा निर्दोष मुलगाही वाटेकरी ठरतो.

या अर्थाला श्लोकातच आधार आहे. ज्याला पोसायचे, तो कुटुंबाबाहेर गेलेला नसतो. त्याचा हक्क थांबलेला असतो, नाते तुटलेले नसते. म्हणून हक्क काढून घेणारा नियम त्याच्या कारणाइतकाच लांब न्यावा, आणि कारण संपले की तोही संपावा, हे न्यायाला धरून आहे.

मात्र अर्थ लावण्याची साधने दुधारी असतात. श्लोकातले पुल्लिंग विवक्षित नाही, असे सांगून विज्ञानेश्वराने हीच बंदी पत्नी, मुलगी आणि आई यांनाही लागू केली. टीकाकार नियमाची कड घासू शकतो, नियम रद्द करू शकत नाही. ते काम कायद्याने केले: हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २८ नुसार रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसाहक्क जात नाही.