‘मुलांसाठी’ म्हणून

गेल्या शुक्ल पंचमीची पालखी देवळात परतली, आरती झाली आणि आम्ही चार-दोन म्हातारे नेहमीप्रमाणे अग्रशाळेच्या ओट्यावर टेकलो. बोलता बोलता माझ्या अंदमानच्या प्रवासाचा विषय निघाला. मुलगा, सून, सहा वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात यांच्यासह मी माघ महिन्यात आठ दिवस त्या बेटांवर राहून आलो होतो. माझे एक स्नेही वयाने आणि विचाराने माझ्याहून थोर आहेत. ते शांतपणे म्हणाले, “तुमचे जाणे मी समजू शकतो, मुलाचे आणि सुनेचेही. पण त्या तीन वर्षांच्या पोरीला विमाने बदलीत समुद्रापार नेण्यात काय अर्थ? मोठेपणी तिला त्यातले काही आठवणार आहे काय? तेवढ्या पैशांत देवापुढे एक समाराधना झाली असती.”

त्या वेळी मी हसून विषय टाळला. परंतु प्रश्न टाळला म्हणजे तो सुटतोच असे नाही. तो माझ्याबरोबर घरी आला आणि अद्याप बसून आहे.

स्नेह्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग खराच आहे. माणसाची सर्वांत जुनी आठवण बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या आगेमागेची असते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्याआधीचे जवळजवळ सारे पुसले जाते. म्हणजे स्वराज द्वीपावरील (2018 पूर्वी त्याला हॅवलॉक म्हणत) राधानगरच्या किनाऱ्यावर ओसरत्या लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली तेव्हा माझी नात जी खदखदून हसली, ते हसणे तिच्यापुरते नाहीसे होणार. ते फक्त माझ्याजवळ राहील, आणि माझ्यानंतर तेही नाही. मग जे सुख स्मरणात टिकत नाही, ते वाया गेले असे म्हणावयाचे काय?

तसे म्हटले तर आईची अंगाई, आजीच्या हातचा मऊ भात, तापात कपाळावर ठेवलेला ओला पदर, हे सारे वाया गेले असेच म्हणावे लागेल. आपल्या पूर्वजांनी तसे मानलेले दिसत नाही. मनुस्मृतीत मुलाचे निष्क्रमण चौथ्या महिन्यात आणि अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले आहे. घराबाहेर नेऊन पहिल्यांदा सूर्य दाखविलेला कोणत्या मुलाला आठवतो? स्वतःची उष्टावण कोणाला आठवते? तरीही ‘पोर जाणते होऊ द्या, मग सूर्य दाखवू’ असे कोणी म्हटले नाही. त्या विधींना त्यांनी ‘संस्कार’ हे नाव दिले, ‘स्मरण’ असे दिले नाही. हा भेद मोठा विचारपूर्वक केलेला आहे. चाकावरच्या मडक्याला कुंभाराचा हात आठवत नाही, पण त्या हाताचा आकारच मडक्याचा आकार असतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझ्या स्नेह्यांना मी विजयी मुद्रेने उत्तर दिले असते. परंतु हे उत्तर वाटते तितके निर्धोक नाही. स्मरण नसताना संस्कार उरतो हे एकदा मान्य केले, की तो चांगलाच उरेल याची हमी कोण देणार? जे विसरले जाते तेही घडवीत असेल, तर वाईटही तितक्याच निमूटपणे घडविणार. शिवाय लहान मूल प्रवासात भोक्ते असते, कर्ते नसते. कोठे जावे, काय पाहावे, कोणाकडे कसे पाहावे, यांतले काहीच ते ठरवीत नाही. त्याचे सारे कर्तृत्व आपल्याकडे गहाण पडलेले असते. मग त्याच्या हातून जे घडेल त्याचे कर्मफळ कोणाच्या खाती मांडावयाचे?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. श्री विजयपुरम् (2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) येथील उतारशाळेत एका रात्री तो माझ्यासमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहावयास जाण्याचे ठरत होते. तेथे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव वनातून जातो. वाहनांचे तांडे ठरल्या वेळी पहाऱ्यात सोडतात. वाटेत थांबणे, छायाचित्रे काढणे, खाद्यपदार्थ देणे या सर्वांस मनाई आहे. तरीही त्या रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांच्या मनात गुहा नसतात, जारवा दिसतील ही आशा असते. माझ्याही मनात ती होती. मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, “मुलांना दाखवू या. असे लोक त्यांना पुन्हा कोठे पाहावयास मिळणार?”

सून क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, तीही माणसेच ना? त्यांच्यातही मुले आहेत. आपल्या मुलांनी त्यांच्या मुलांकडे काचेतून काय म्हणून बघायचे?”

मला राग आला. नातवंडांच्या ज्ञानात भर पडावी म्हणून मी बोलतो आणि ही मला नीती शिकविते, असे वाटले. गुहांचा बेत रद्द झाला आणि तो संपूर्ण दिवस मी घुश्शातच काढला. पण अंथरुणावर पडल्यावर माझेच वाक्य माझ्या कानांत वाजू लागले. ‘मुलांना दाखवू या.’ तीन वर्षांच्या मुलीला जारवा पाहण्याची इच्छा झाली होती काय? सहा वर्षांच्या मुलाने तो शब्द तरी ऐकला होता काय? इच्छा माझी होती. ती उघडपणे बोलण्याची लाज वाटली म्हणून मी तिला बाळलेणी घातली.

त्या लोकांची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. 2011 च्या जनगणनेत त्यांची संख्या चारशेच्या आत होती. त्यांच्या संरक्षणासाठी 1956 साली नियम झाला. 1997–98 च्या सुमारास ते शस्त्रावाचून वस्त्यांकडे येऊ लागले आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्या मुलाच्या अंगावर उठून आठवड्यात मावळणारा रोग तेथे साऱ्या जमातीच्या जिवावर उठू शकतो. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव वनातून जाणारा रस्ता बंद करण्यास सांगितले, तरी वाहतूक चालूच राहिली. 2012 मध्ये जारवा स्त्रियांना प्रवाशांपुढे नाचविल्याचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ माजली. ते चित्रण पाहून मीही संतापलो होतो. त्याच मनात बारा-तेरा वर्षांनी त्याच रस्त्याने जाण्याची हौस उठली, आणि तिला नाव मिळाले ‘मुलांसाठी’.

आपण गोमंतकीयांना तर हे कळावयास वेळ लागू नये. आपल्याच देवळांत प्रवाशांचे थवे येतात. कोणी हात जोडतो, कोणी दीपमाळेला टेकून छायाचित्र काढून घेतो, कोणी प्रदक्षिणेतल्या म्हाताऱ्या बाईकडे एखादी वस्तू न्याहाळावी तसे पाहतो. त्या पाहण्याचा आपल्याला राग का येतो? पाहणे वाईट म्हणून नव्हे. देवळात आपण पाहण्यासाठीच जातो. पण त्याला आपण ‘दर्शन’ म्हणतो. दर्शनात आपण देवाला पाहतो तसा देवही आपल्याला पाहतो, आणि त्याच्या दृष्टीखाली आपण थोडे सावरून उभे राहतो. तमाशात पाहणारा एकच असतो. समोरच्याच्या डोळ्यांची त्याला पर्वा नसते. मुलांना जग दाखविणे हे कर्तव्यच आहे, पण दर्शन शिकविण्यासाठी की तमाशाची सवय लावण्यासाठी, हे नेणाऱ्याने ठरवावयाचे असते.

याच प्रवासात दर्शनही घडले. सेल्युलर जेलच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. वि. दा. सावरकरांना 1911 मध्ये जेथे आणले गेले आणि त्यांचे वडील बंधू बाबाराव ज्या तुरुंगात आधीपासून होते, ते हेच ठिकाण. एकाच भिंतीआड असूनही दोघा भावांची बराच काळ गाठ पडली नव्हती. मी नातवाला कोठडीत नेले. उंचावरच्या झरोक्याकडे पाहून त्याने विचारले, “आजोबा, त्यांना इथून समुद्र दिसायचा नाही?” मी म्हणालो, “नाही रे.” तो पुन्हा म्हणाला, “पण ऐकू येत असेल.” मला उत्तर सुचले नाही. ज्या पाण्यात आम्ही सकाळी खेळलो तेच पाणी कोणासाठी काळे पाणी होते, हे त्याला कितपत उमगले कोण जाणे. मात्र त्या कोठडीत तो तमाशा पाहत नव्हता एवढे निश्चित.

निघण्याच्या दिवशी त्याच्या खिशात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा सापडला. प्रवाळ नेणे कायद्याने गुन्हा आहे. सूनबाई त्याला म्हणाली, “जिथून घेतलास तिथे ठेवून ये.” तो रडला. माझ्या ओठांवर आलेच होते, ‘असू दे गं, मुलासाठी एवढेसे.’ या वेळी मी ते गिळले. तो वाळूत तुकडा ठेवीत असता धाकटी त्याच्या सदऱ्याचे टोक धरून शेजारी उभी होती. ती हे विसरून जाईल.

स्नेह्यांना मी आता एवढेच सांगेन. लहान मुलांना आठवणार नाही म्हणून नेऊ नये, हे मला पटत नाही. त्यांना आठवणार नाही म्हणूनच नेताना अधिक जपावे, हे पटते. समाराधनेचा तुमचा मुद्दा मी खोडीत नाही. येत्या जत्रेला तो खर्च माझ्याकडे लागू राहील. आणि पुढे कधी ‘मुलांसाठी’ हा शब्द माझ्या तोंडी आला, तर वाक्यातून मुलांना बाजूला करून ते एकदा स्वतःशीच म्हणून पाहीन. तेव्हाही ते उजळ माथ्याने म्हणता आले, तरच बिछायत बांधावयास घेईन.